सासूबाईंच्या नावाचा पाट

ज्यांना जेवताना वाचायची सवय आहे त्यांनी आधी ताट उचलावं, हात धुवावेत आणि मग यावं. मी जे लिहिणार आहे ते हगण्यामुतण्याचं आहे. "आई, जरा बरा शब्द घाल," असं माझा मुलगा म्हणाला. मी म्हटलं, तू सहा वर्षांचा होईपर्यंत तुला कुणी धुतलं ते आधी आठव, मग मला शब्द शिकव. तो गप्प बसला. तुम्हीही बसा.

ज्या पोरीची ही गोष्ट आहे तिच्यासारख्या मुलांना हल्ली स्वमग्न म्हणतात. शब्द चांगला आहे, माझी तक्रार नाही. पण आमच्याकडे तेव्हा तो नव्हता. आमच्याकडे खुळी होतं, मुकी होतं आणि लागीर झालंय होतं. यातलं काही निवडा, नाहीतर गप्प बसा.

बाहत्तरचा दुष्काळ चालू होता. भिंगार मागे टाकून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की आत जी गावं लागतात त्यातल्या एका गावात मी बालवाडी चालवत होते. माहेर माझं भिंगारचंच, वडील मिलिटरी कॅम्पात सिव्हिल नोकर. शाळा चौथीत सुटली, पण वाचायची खोड सुटली नाही. किराणा ज्या कागदात बांधून येई तो कागद वाचून झाल्याशिवाय मी डाळ डब्यात ओतत नसे. लग्न होऊन या गावात आले तेव्हा लिहिता-वाचता येणारी सून म्हणून महिला मंडळाने बालवाडी माझ्या गळ्यात घातली. मानधनाचं सांगत नाही, देणाऱ्याला लाज वाटेल.

बालवाडी म्हणजे चावडीशेजारची एक खोली. पुढे ओसरी, मागे पडकी भिंत. पोरांना लागली की भिंतीमागे ओळीने बसवायचं, नंतर वर राख टाकायची. पाणी भरायला, पोरं धुवायला एक मावशी होती, माझ्यापेक्षा वयाने मोठी आणि आवाजाने त्याहून मोठी. सामान म्हणाल तर एक फळा, चिंचोक्यांचा डबा आणि पाट.

पाटांचं सांगते, कारण सगळं त्यावरच आलं. मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणजे गावातल्या सगळ्यात मोठ्या घरातल्या, सगळे त्यांना आक्का म्हणत. त्यांच्या सासूबाई वारल्या तेव्हा त्यांच्या नावाने आक्कांनी बालवाडीला पाट दिले, पोरांना सुकडी, म्हणजे दुष्काळात मिळणारा गोड पिठाचा खाऊ, खायला बसायला. आता आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. दिलेल्या वस्तूवर नाव हवं. भांडं असेल तर नाव ठोकून घेतात. या पाटांना तांबडा ऑइलपेंट लावून त्यावर पिवळ्या अक्षरांत दोन ओळी रंगवल्या होत्या. वर 'कैलासवासी' आणि सासूबाईंचं पूर्ण नाव, खाली 'यांच्या स्मरणार्थ'. म्हणजे रोज दुपारी गावातली अर्धी पोरं, त्यातली निम्मी बिनचड्डीची, सासूबाईंच्या नावावर बसून सुकडी खात. त्याचं कधी कुणाला काही वाटलं नाही.

ती पोरगी मला पहिल्यांदा दिसली ती बांधलेली. बालवाडीसाठी पोरं गोळा करत मी घरोघर फिरत होते. एका घराच्या पडवीत खांबाला जुन्या लुगड्याची पट्टी बांधलेली आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकाला कंबरेत ही. पाच सरून सहाव्यात असेल. हातात बाभळीची शेंग, ती डोळ्यांसमोर धरून हलवत होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाप जनावरं घेऊन गुरांच्या छावणीवर गेलेला. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला निघालेली, डोक्यावर टॉवेल गुंडाळून.

"काय करू बाई," ती म्हणाली. "मोकळी सोडली तर हिरीकडं जाती. संगं न्हेली तर मुकादम हाकलून लावतो."

"उद्यापासून माझ्याकडे आणून सोड."

"ती हगती बाई. कुटंबी. सांगत न्हाई."

"सगळीच हगतात," मी म्हटलं. "कुणी सांगून, कुणी न सांगता."

दुसऱ्या दिवशी आली. चिंचोक्यांचा डबा बघितला आणि बसली. एकेक चिंचोका भिंतीच्या कडेने लावत जायची, काळ्या रेषेसारखा. कुणी हाक मारली तर ऐकू आल्याचं दाखवायची नाही, पण बाहेर मावशीने हंड्याचं झाकण काढलं की मान वळायची. म्हणजे ऐकू येत होतं, खुळे लोक उगाच बहिरी म्हणत. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. काही मागत नव्हती, कुणाला चावत नव्हती, आपलं आपलं काम करत होती.

फक्त भिंतीमागे बसायची नाही.

इतर पोरांबरोबर नेलं की भिंतीच्या कोपऱ्यावर तिचं अंग लाकूड व्हायचं. खाली बसवायला गेलं की गुडघेच वाकायचे नाहीत. मग एक किंकाळी. ती किंकाळी अशी की चावडीतले तलाठी बाहेर येऊन बघायचे. आत आणलं की पुन्हा चिंचोके, आणि तासाभराने चिंचोक्यांच्या मधोमध, सारवलेल्या जमिनीवर, सगळं. वर शांत चेहरा.

आता हे दुष्काळातलं ऐका. पाणी किती? मावशी पहाटे विहिरीच्या तळातून वाटीवाटीने भरून एक हंडा आणायची, त्यात सगळ्या पोरांचं प्यायचं. आणि ही दिवसाआड जमीन, फडकं आणि स्वतः अशी तिन्ही धुवायला लावायची. मावशी म्हणायची, "हिच्या ढुंगनाला दोन तांबे, मग बाकीच्यांनी थुंकी गिळायची व्हय?" मी घरून माझ्या अंघोळीतला एक तांब्या झाकून आणायला लागले. तरी बोलणं थांबेना. आया कुजबुजायला लागल्या. एक म्हणाली, "ढुंगनावर एक चटका द्या बाई, पुन्यांदा करनार न्हाई." मी म्हटलं, "आधी तुझ्या नवऱ्याला दे. तो पिऊन येऊन ओसरीत मुततो, अख्ख्या आळीला वास येतो." त्या बाईने पुढे महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. बरं झालं.

मग आक्का आल्या. ओसरीवर उभ्या राहूनच म्हणाल्या, आत घाण असेल म्हणून. "शिमग्यापतुर बघते. तवर पोरगी सुदरली तर ऱ्हाऊ दे. न्हाई तर तिच्या आईनं घरी बांधावी. बांधतच हुती की."

बांधतच होती की. हे त्या इतक्या साधेपणाने म्हणाल्या, जसं काही शेळीबद्दलच बोलत होत्या. मला ती लुगड्याची पट्टी दिसली. मी मनात म्हटलं, बघूच.

संध्याकाळी पोरीची आई न्यायला आली, हाताला खडीचे फोड. तिला मी ओसरीवर बसवलं. म्हटलं, ही घरी तरी कधी धड बसली का?

"म्हातारी हुती तवर काय तरास न्हवता," ती म्हणाली. म्हातारी म्हणजे तिची सासू, आदल्या वर्षी गेलेली.

"म्हातारी काय करायची?"

"पायावर बसवायची."

"किती मोठी होईपर्यंत?"

"मरंस्तवर," ती म्हणाली. "लाडच हुता त्यो."

पायावर बसवणं तुम्हाला माहीत असेल, नसेल तर आईला विचारा. बाई जमिनीवर बसते, पाय पुढे पसरते, गुडघे जरा उचलते, दोन पावलांत थोडी फट ठेवते आणि तान्ह्याला दोन्ही पायांवर बसवते, पाठ नडग्यांना टेकवून. खाली कागद किंवा राख. वर्षभर, फार तर दोन वर्षं. मग पोर आपलं आपण जमिनीवर बसायला शिकतं. ही शिकलीच नव्हती. म्हणजे आम्ही समजत होतो की पोरगी हट्ट करते, भिंतीमागे बसत नाही. तसं काही नव्हतंच. तिच्या हिशेबी बसायची जागा म्हणजे म्हातारीचे पाय. ते पाय स्मशानात गेले. मग तिने बसायचं कुठे? जमिनीवर? जमिनीवर कुणी बसतं का?

दुसऱ्या दिवशी बाकीची पोरं मावशीवर सोडली आणि मी भिंतीमागे गेले. लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं, पाय पसरले आणि तिला पायांवर घेतलं.

मावशी भिंतीवरून डोकावली. "आगं बाई बाई बाई! येवढी घोडी पायावर! दुसऱ्याची पोर, आन् तुझ्या पायावर हगनार! तुझ्या सासूला कळलं तर चुलीपाशी यिऊ दिल का तुला?"

"सासूला सांगायला तूच जाणार ना? जा मग आत्ताच, म्हणजे इथे शांत होईल."

पोरीचं अंग सैल पडलं. पाठ माझ्या नडग्यांना टेकली. हे मला कळलं, पायाला कळतं. पण झालं काही नाही. ती मान वळवून माझ्या तोंडाचा वास घ्यायची, पुन्हा पुढे बघायची. काहीतरी कमी होतं. असे बरेच दिवस गेले. माझ्या पायांना मुंग्या यायच्या, उठताना भिंत धरावी लागायची. घरी नवरा विचारायचा, "लंगडतेस का?" मी म्हणायची, "देशसेवा करते."

एका सकाळी मावशी मला शिव्या देता देता भिंतीला टेकून बसली आणि चिमूटभर मशेरी हातावर घेऊन दाताला लावायला लागली. भाजलेल्या तंबाखूचा तो करपट वास सुटला. पोरीने मान तिकडे वळवली, एक मोठा श्वास घेतला, आणि झालं. माझ्या पायांच्या मधोमध, राखेत, जसं व्हायला हवं तसं.

मावशीचं बोट दातावरच राहिलं. "झालं! झालं की गं बाई!" ती तशाच भरल्या तोंडाने ओरडली.

संध्याकाळी पोरीच्या आईला विचारलं, तर म्हातारी रोज सकाळी नातीला पायावर घेऊन मशेरी लावत बसायची. दोघींचा तो वेळ. त्या दिवसापासून मावशीला बालवाडीच्या वेळात मशेरी लावायची मोकळीक मिळाली. ती सगळ्यांना सांगत फिरायची, "मला ह्याचंच काम लावलंय."

पण मी जन्मभर पाय पसरून बसू शकत नव्हते, तिच्या आईला तर तेवढी सवडच नव्हती. पायांसारखं काहीतरी हवं होतं. दोन, गुळगुळीत, मधे फट. तेवढ्यात एका पोराने पाट आपटला. सासूबाईंच्या पाटांपैकीच एक. लांबीच्या बाजूने तडकला, बरोबर दोन ओळींच्या मधून. एका तुकड्यावर कैलासवासी आणि नाव, दुसऱ्यावर 'यांच्या स्मरणार्थ'.

मी ते दोन तुकडे भिंतीमागे नेले, विटांवर ठेवले, मधे फट सोडली. अक्षरं खाली केली, लाकूड वर, आणि तिला बसवलं. पोरीने हात फिरवला, लाकूड खरबरीत लागलं तशी ती उठली. तिने दोन्ही तुकडे उलटे केले. रंगवलेली बाजू वर. पुन्हा हात फिरवला. ऑइलपेंट गार आणि गुळगुळीत, म्हातारीच्या पायासारखा नसेल, पण मातीसारखाही नाही. मी एकदा तुकडे चुकून अदलाबदल ठेवले तर तिने बसायच्या आधी सरळ केले. नाव डावीकडे, स्मरणार्थ उजवीकडे. तिला वाचता येत नव्हतं. मला येत होतं.

तेव्हा कुणी असं म्हणू नये की बाईच्या लक्षात आलं नाही. माझ्या लक्षात आलं होतं. मी अक्षरं बघितली, विचार केला आणि तिला बसवलं. आज पुन्हा बसवीन.

आधी मी मागे बसून तिच्या पाठीला नडग्या टेकवायची. मग नुसता हात. मग तिची पाठ भिंतीला आणि मी समोर. मग मी भिंतीच्या कोपऱ्यावर. मावशीची मशेरीसुद्धा हळूहळू लांब सरकली. कधी जमायचं, कधी नाही. नाही जमलं की जमीन, फडकं, तांब्या. पण नाही जमण्याचे दिवस कमी व्हायला लागले.

शिमगा तोंडावर आला आणि आक्का आल्या, बरोबर मंडळाच्या दोघी. "पोरगी कुठंय?" आत नव्हती. मावशीचा चेहरा बघूनच त्यांना कळलं असावं. त्या तरातरा भिंतीमागे आल्या.

पोरगी बसलेली होती. मी कोपऱ्यावर उभी. त्या दिवशी पहिल्यांदाच ती कुणाचा हात न धरता, कुणी न नेता, आपण होऊन येऊन बसली होती. आक्कांनी पोरगी बघितली, पोरीखालचा तांबडा रंग बघितला, पिवळी अक्षरं बघितली. त्यांनी तोंड उघडलं.

मी मधे उभी राहिले. "आक्का, हळू. काय बोलायचं ते मागून बोला. आत्ता तिचं होतंय."

आक्कांना गावात कुणी कधी थांबवलं नव्हतं. त्या तशाच राहिल्या, तोंड उघडं, हात वर. मागे त्या दोघी पदरात तोंड घालून उभ्या. मावशी भिंतीपलीकडे श्वास धरून. गावातली सगळ्यात मोठी बाई उन्हात उभी राहून एका खडी फोडणारणीच्या पोरीचं पोट साफ व्हायची वाट बघत होती. पोरीने घाई केली नाही. तिने कधीच कशाचीच घाई केली नाही.

झालं. मी तिला धुतलं, माझ्याच तांब्याने. ती आत चिंचोक्यांकडे गेली. मग आक्कांना वाट मिळाली.

"माझ्या सासूच्या नावावर! उघड्या ढुंगनानं! तुला लिवाय-वाचाय येतं ना गं, कॅम्पातले? का तिकडं सायबाकडनं हेच शिकून आलीस?"

"येतं की वाचायला. रोज सगळी पोरं त्याच नावावर बसून सुकडी सांडतात, तेव्हा नाही का तुम्हाला दिसत?"

"बसनं येगळं!"

"बसलीच होती की."

मागच्या दोघींपैकी एकीला हसू फुटलं, तिने खोकल्यासारखं केलं. आक्का आणखी तापल्या. मग मी जे बोलले ते ठरवून बोलले नव्हते. "तुमच्या सासूबाईंनी नातवंडं पायावर बसवली का नाही? तुमचीच पोरं त्यांच्या पायावर हगली ना? मग आणखी एक बसवलं त्यांनी. हिची आजी मेली, म्हणून तुमच्या सासूबाईंकडे नेलं. त्या असत्या तर नाही म्हणाल्या नसत्या."

आक्कांच्या तोंडावर काहीतरी येऊन गेलं. पण विरघळल्या वगैरे असं समजू नका. "तोंड लई सुटलंय तुजं," त्या म्हणाल्या. "पोरगी उद्यापासनं बंद."

मी कनवटीची किल्ली काढली आणि त्यांच्या हातात ठेवली. "मग मीही बंद. उद्या सकाळी तुम्ही या खोली उघडायला."

आक्कांनी त्या दोघींकडे बघितलं. एक म्हणाली, "माझ्याकडं बाळंतीन हाय आक्का." दुसरी भिंतीवरच्या मुंग्या बघायला लागली. आतून पोरांचा कालवा ऐकू येत होता, कुणीतरी कुणाला तरी मारत होतं. तेवढ्यात एक शेंबडा बाहेर आला, दोन्ही हातांनी पोट धरून. सगळ्यांकडे बघितलं आणि जवळ उभ्या असलेल्या आक्कांचाच पदर ओढला.

"ये, मला लागली."

आक्कांनी पदर सोडवला. किल्ली माझ्या अंगावर फेकली. खाली पडली, ती मी उचलली. त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा गडी बैलगाडी घेऊन आला आणि सगळे पाट घेऊन गेला. पुढे पोरं पोत्यावर बसून सुकडी खायला लागली, सुकडीची चव काही बदलली नाही. भिंतीमागचे दोन तुकडे मात्र त्याने नेले नाहीत. ते न्यायला आक्कांनी सांगितलं असतं तरी हात कोण लावणार होतं?

शिमगा आला, गेला. पोरगी आली, बसली, गेली. बंदीचं नाव कुणी काढलं नाही. पुढे ती दोन्ही तुकडे काखेत मारून घरी न्यायला आणि सकाळी परत आणायला लागली. पोरं मागे लागायची, "पाटवाली, पाटवाली!" ती वळून बघायची नाही. एक सांगते, ती शहाणी झाली, बोलायला लागली, असली गोष्ट मी सांगणार नाही. ती बोलली नाही. वाजंत्री वाजली किंवा पाहुणे आले की घरात घोटाळा व्हायचा तो व्हायचाच. होऊ दे. बांधायचं कारण ते नव्हतं, तेव्हाही नाही आणि आजही नाही.

पुढच्या दिवाळीला मी तिच्या घरी फराळाचं घेऊन गेले. मागे कुडाचा आडोसा केला होता, आत विटा, विटांवर पाट, अक्षरं निम्मी उडालेली. पोरगी अंगणात मोकळी, शेणाच्या गोवऱ्यांवर गारगोट्या लावत बसलेली. पडवीत खांबाला तीच लुगड्याची पट्टी होती. पट्टीच्या टोकाला एक काळी शेळी.

आईने माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि हसली. "हिला बांधावंच लागतं बाई," ती म्हणाली. "ही कुटंबी लेंड्या टाकती. सांगत न्हाई."